कॅप्टन थॉमस कोरम

निवृत्त मनुष्याचा दानधर्म म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें बहुधा एखादा धनिक उभा राहतो. आयुष्यभर द्रव्य मिळवावें आणि वार्धक्यांत त्यांतील कांहीं भाग शाळेस किंवा दवाखान्यास द्यावा. ज्यांचें चरित्र आम्ही येथें सांगत आहों त्यांच्यापाशीं असें द्रव्य कधींच नव्हतें. त्यांनीं दिलीं तीं आपल्या विश्रांतीचीं वर्षें.

थॉमस कोरम यांचा जन्म इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रीजिस गांवीं १६६८ च्या सुमारास झाला. आई लहानपणींच वारली व अकराव्या वर्षीं त्यांची गलबतावर रवानगी झाली, त्यामुळें शिक्षण जें राहिलें तें कायमचेंच. पुढें अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतीं त्यांनीं जहाजें बांधण्याचा धंदा केला, १७०० सालीं बॉस्टन येथील युनिस वेट यांच्याशीं विवाह केला, आणि तेथील लोकांशीं बरेच कोर्टकज्जे होऊन ते १७०४ मध्यें स्वदेशीं परतले. या दांपत्यास मूलबाळ झालें नाहीं. स्वभाव तापट, बोलणें खलाशाचें, आणि सत्य दिसलें कीं तें समोरच्याच्या तोंडावर सांगण्याची खोड. हा दोषच होता असें आम्हांस वाटतें, परंतु याच दोषावांचून पुढील कार्य झालें असतें कीं नाहीं याचीहि शंका आहे.

१७२० च्या सुमारास समुद्रावरील धंदा सोडून ते लंडनजवळ थेम्स नदीकांठीं रॉदरहाइथ येथें राहूं लागले. कामानिमित्त शहरांत पहाटे जावें व तिन्हीसांजा परतावें. या वाटेवर त्यांस टाकून दिलेलीं तान्हीं मुलें दिसत. कांहीं मेलेलीं, कांहीं मरणोन्मुख. त्याच वाटेनें नित्य किती तरी माणसें जात होतीं हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

अशा मुलांसाठीं आश्रम काढावा हा विचार त्यांनीं मांडला तेव्हां सभ्य लोकांनीं नाकें मुरडलीं. असा आश्रम झाला तर अनीतीस उत्तेजन मिळेल, हा त्यांचा आक्षेप. (दीनांच्या साहाय्यास नीतीचें निमित्त आड आणणें ही कांहीं एकाच देशाची रीत नव्हे.) राजाची सनद मिळविण्यासाठीं कोरम यांस सतरा वर्षें लागलीं. पुरुष दाद देत नाहींत असें पाहून त्यांनीं उमराव घराण्यांतील स्त्रियांकडे धांव घेतली, आणि एकवीस थोर स्त्रियांनीं अर्जावर सह्या केल्या. १७३७ सालीं, सत्तरीच्या उंबरठ्यावर असतां, राजकन्या अमीलिया यांच्याकडे अर्ज घेऊन ते राजवाड्यांत गेले, तेव्हां तेथील एका मानकरी बाईनें त्यांस अपमान करून परत लाविलें. ते परत गेले, पण काम सोडलें नाहीं. अखेर १७ ऑक्टोबर १७३९ रोजीं दुसऱ्या जॉर्ज राजाची सनद निघाली.

२५ मार्च १७४१ च्या रात्रीं हॅटन गार्डन येथील घराचें दार उघडलें. आणणाऱ्या स्त्रियांचीं तोंडें कोणास दिसूं नयेत म्हणून प्रवेशद्वारींचे दिवे मालविले होते. त्या रात्रीं तीस मुलें घेतलीं, जागा संपली, आणि बाकीच्या माता रडत परतल्या. बाप्तिस्म्याच्या वेळीं पहिल्या मुलांपैकीं एकास थॉमस कोरम व एकीस युनिस कोरम अशीं नांवें दिलीं. युनिसबाई मात्र आदल्याच वर्षीं वारल्या होत्या. पुढें मुलाबरोबर ओळखीची खूण ठेवण्याची चाल पडली. कापडाचा तुकडा, बटण, मोडकें नाणें. आई परत आली तर मूल ओळखतां यावें एवढाच हेतु. फारच थोड्या आया परत येऊं शकल्या.

हॉगार्थ या चित्रकारानें कोरम यांचें चित्र काढून संस्थेस दिलें, आणि हँडेलनें तेथें आपल्या 'मसाया' चे प्रयोग करून तिला पैसा मिळवून दिला. पण ज्यांनीं ती उभारली त्यांचें काय झालें? व्यवस्थापकांतील कांहींच्या वर्तनावर त्यांनीं उघड टीका केली, आणि १७४२ सालीं कार्यकारी मंडळावर त्यांची पुन्हां निवड झाली नाहीं. दोष कोणाकडे किती हें आम्ही ठरवीत नाहीं. इतकेंच कीं त्यानंतर मुलांचे बाप्तिस्मे असले म्हणजे ते येत, आणि अनेकांस धर्मपिता म्हणून उभे राहत.

पत्नी गेल्यावर त्यांची शिल्लकहि सरली. स्नेह्यांनीं वर्गणी करून वर्षासन द्यावयाचें ठरविलें तेव्हां डॉक्टर ब्रॉकल्स्बी यांनीं भीतभीत त्यांचें मत विचारलें. आपण होतें तें चैनींत उडविलें नाहीं, तेव्हां म्हातारपणीं गरीब आहों हें कबूल करण्यास आपणांस लाज वाटत नाहीं, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें. २९ मार्च १७५१ रोजीं ते वारले. इच्छेप्रमाणें त्यांस आश्रमाच्या प्रार्थनामंदिरांत पुरलें.

त्यांच्या पश्चात् १७५६ ते १७६० या काळांत सरकारी पैशावर येईल तें मूल घेण्यांत आलें. सुमारें पंधरा हजार मुलें आलीं, आणि त्यांतील बहुतेक दगावलीं. संस्था सुटली नाहीं, मात्र धडा महागांत मिळाला. १९२६ सालीं मुलांस लंडनबाहेर नेलें व जुनी इमारत पाडली. त्या जागेवर १९३६ पासून मुलांचें क्रीडांगण आहे. त्याच्या फाटकांतून प्रौढ मनुष्यास एकट्यानें आंत जातां येत नाहीं. बरोबर एखादें मूल असावें लागतें.