स्वच्छ आवाजाचा कारागीर : लिओ फेंडर

स्नेहसंमेलनात इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याच्या पायाकडे कधी आपले लक्ष गेले आहे का? तिथे साबणाच्या वडीहून थोडी मोठी अशी एक पत्र्याची डबी ठेवलेली असते. गाणे ऐन रंगात आले की वादक त्या डबीवर पाय दाबतो, आणि इतका वेळ शहाण्या मुलासारखी बोलणारी गिटार एकदम गर्जू लागते. या डबीला पेडल म्हणतात. पेडलचे प्रकार पुष्कळ आहेत, पण बूस्ट आणि ओव्हरड्राइव्ह ही दोन कामे करणारे पेडल वादकांना सर्वांत जवळचे. बूस्ट म्हणजे गिटारकडून येणारा विजेचा क्षीण संदेश आहे तसाच मोठा करून ॲम्प्लिफायरकडे ढकलणे. ओव्हरड्राइव्ह म्हणजे तो संदेश मुद्दाम इतका वाढवणे की आवाज कडांना किंचित फाटावा.

मी आज ज्या माणसाचे चरित्र सांगणार आहे त्याने ही डबी शोधून काढली नाही, हे आधीच सांगून टाकते. त्याने जन्मभर खटपट केली ती आवाज फाटू नये म्हणून. तरीही ही डबी ज्या गिटारमुळे आणि ज्या ॲम्प्लिफायरमुळे जगाला हवीशी झाली, त्यांतली निम्मीशिम्मी कल्पना त्याची आहे असे मला वाटते. त्या माणसाचे नाव लिओ फेंडर. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे!

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर याचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यातील अॅनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या परिसरात झाला. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. घर शेतकऱ्याचे, तेथे वाद्यांचा कारखाना काढायचे स्वप्न कोणाला पडणार? लिओ आठ वर्षांचा असताना त्याच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली आणि डोळा काढून काचेचा बसवावा लागला. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीतून तो सुटला तो याच कारणाने.

त्याच्या एका मामा-काकांपैकी नातलगाचे सांता मारिया गावी मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान होते. त्यांनी लिओला रेडिओच्या जुन्या सुट्या भागांची एक पेटी पाठवली. १९२२ च्या सुमारास लिओ त्यांच्या दुकानी गेला, तेव्हा त्यांनी स्वतः जुळवलेला रेडिओ तेथे मोठ्याने गात होता. तारा, काच आणि लोखंड यांतून एवढा मोठा आवाज निघतो हे त्या पोराच्या मनावर कायमचे ठसले. शाळेत असतानाच तो लोकांचे रेडिओ दुरुस्त करू लागला. थोडा पियानो शिकला, सॅक्सोफोनही वाजवला. गिटारच्या वाटेला मात्र गेला नाही.

१९२८ साली शाळा संपल्यावर त्याने फुलर्टनच्या ज्युनियर कॉलेजात प्रवेश घेतला, आणि विषय घेतला हिशेबनीस होण्याचा. विजेचे शास्त्र त्याने कोणत्याही वर्गात बसून शिकले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. म्हणून असेल, पण चरित्राच्या या पानावर मी जरा थांबले. पोट भरण्यासाठी एक विद्या आणि जीव रमवण्यासाठी दुसरी, हा हिशेब आमच्यासारख्यांच्या घरात नवा नाही.

यापुढे फेंडर यांना आदरार्थी बहुवचन लावते. त्यांनी बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिले. १९३४ साली एस्थर यांच्याशी त्यांचे लग्न झाले. राज्याच्या रस्तेखात्यात हिशेबनीस म्हणून काम केले, मग टायरच्या एका कंपनीत लागले आणि काही महिन्यांतच तिथली नोकरी गेली. तो मंदीचा काळ होता. १९३८ साली ६०० डॉलर कर्ज काढून ते पत्नीसह फुलर्टनला परतले आणि त्यांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले.

दुकानात फक्त रेडिओच येत नसत. नाचगाण्याच्या बैठकींना वाजवणारे वादक आपले बिघडलेले ॲम्प्लिफायर घेऊन येत, आणि मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटारही आणत. दुरुस्ती करणाऱ्याला एक गोष्ट कळते जी बनवणाऱ्याला पुष्कळदा कळत नाही : वस्तू मोडते कुठे. कोणता सांधा सुटतो, कोणती तार तुटते, कोणता भाग उघडायला त्रास देतो, हे सारे फेंडर यांच्या बोटांना पाठ झाले. त्यांच्या पुढच्या सगळ्या यशाचे बीज मला या दुकानात दिसते.

डॉक कॉफमन या वादक-कारागिराबरोबर त्यांनी हवाईयन गिटार आणि छोटे ॲम्प्लिफायर बनवायला सुरुवात केली. १९४६ मध्ये कॉफमन बाजूला झाले, आणि फेंडर यांनी एकट्याच्या नावावर कंपनी काढली. १९४८ मध्ये जॉर्ज फुलर्टन हे तरुण मदतनीस मिळाले. (आडनाव गावाचेच, हा योगायोग.)

१९५० साली त्यांची भरीव लाकडाची गिटार बाजारात आली. तिचे ‘ब्रॉडकास्टर’ हे नाव दुसऱ्या एका कंपनीच्या ढोलांच्या नावाशी जुळते म्हणून बदलावे लागले, आणि १९५१ पासून ती ‘टेलिकास्टर’ म्हणून ओळखली जाऊ लागली. पोकळ गिटारला पिकअप लावून आवाज वाढवला की तिचे पोट स्वतःच थरथरते आणि कर्कश शीळ घुमू लागते. भरीव लाकडात तो उपद्रव पुष्कळ कमी होतो. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेले केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. माझे वडील मोटारी रिवाइंड करतात. त्यांना मी पिकअपचे चित्र दाखवले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न तारेच्या गेजचा विचारला. फेंडर यांना तो प्रश्न आवडला असता.

या गिटारची मान चार स्क्रूंनी बसवलेली होती. मान वाकली, तर स्क्रू काढा आणि दुसरी लावा. गिटार घडवणाऱ्या जुन्या घराण्यांच्या दृष्टीने मान चिकटवलेलीच हवी. स्क्रूची मान म्हणजे सुताराचे काम. पण रात्री नाचाच्या हॉलमध्ये वाजवून सकाळी दुसऱ्या गावी जाणाऱ्या वादकाला सुताराचेच काम हवे होते. १९५१ मध्येच त्यांनी प्रिसिजन बास आणला. उभ्याने कवटाळायचा, गर्दीत ऐकू न येणारा अजस्र बास आता गळ्यात अडकवता येऊ लागला. १९५४ साली ‘स्ट्रॅटोकास्टर’ आली. तिच्या घडणीत फ्रेडी टावारेस यांचा मोठा हात होता. फेंडर स्वतः वाजवत नसल्यामुळे प्रत्येक नवा नमुना वादकांच्या हाती द्यायचे आणि त्यांची तक्रार ऐकून घ्यायचे. मला हा त्यांचा सर्वांत मोठा गुण वाटतो. ज्याला स्वतःला वाजवता येते तो आपल्या आवडीचे वाद्य बनवतो; यांना आवड नव्हतीच, त्यामुळे कान मोकळे राहिले.

आता ॲम्प्लिफायरकडे येऊ, कारण पेडलची गोष्ट तिथे आहे. त्या काळी ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचे असत, आजोबांच्या काळातल्या रेडिओसारखे. व्हॉल्व्ह संदेशाची लाट मोठी करतो, पण त्यालाही मर्यादा आहे. लाट त्या मर्यादेपलीकडे वाढू पाहील तर तिचा माथा छाटला जातो. माथा छाटला की मूळ सुरात नसलेले वरचे सूर त्यात मिसळतात आणि आवाज जाड, खरखरीत, रेंगाळणारा होतो. आपल्याकडे वरातीतला बेंजो कर्ण्यातून वाजतो तेव्हा जी धार येते, तिच्यामागे थोडेफार हेच असते. फेंडर यांच्या दृष्टीने हा दोष होता. आवाज मोठा हवा, पण स्वच्छ हवा, हे त्यांचे ध्येय. म्हणून प्रत्येक नव्या ॲम्प्लिफायरमध्ये ते मर्यादा आणखी वर नेत.

वादकांचे कान मात्र वेगळ्या वाटेने चालले होते. १९५८ साली लिंक रे या वादकाने आवाज फाटावा म्हणून स्पीकरच्या कागदाला भोके पाडली. नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत १९६० साली यंत्रातील बिघाडामुळे बासचा आवाज फाटला, तो तसाच तबकडीवर ठेवला, आणि लोकांना तो आवडला. तेथील ध्वनितंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी त्या बिघाडाची नक्कल करणारी डबी तयार केली. १९६२ मध्ये ती ‘माइस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विक्रीला आली. पण ओव्हरड्राइव्हची खरी गोडी लागली ती खुद्द फेंडर यांच्याच एका ॲम्प्लिफायरमुळे. ‘बासमन’ हा त्यांनी बाससाठी बनवलेला. गिटारवाल्यांनी त्याला आपली गिटार जोडली, आवाजाची खुंटी पार पुढे फिरवली, आणि तो अशा गोड रीतीने फाटला की लोक वेडे झाले. १९६२ मध्ये लंडनमधील जिम मार्शल यांच्या दुकानातील मंडळींनी याच बासमनवरून आपला पहिला ॲम्प्लिफायर रचला. पुढे जिमी हेंड्रिक्सच्या गळ्यात फेंडर यांची स्ट्रॅटोकास्टर, पाठीमागे मार्शलच्या पेट्या आणि पायाशी फझची डबी असे चित्र जगाने पाहिले. स्वच्छ आवाजासाठी आखलेली मांडणी, आणि तिच्यातून निघालेली गर्जना! दैव म्हणतात ते हेच की काय?

फेंडर यांनी मात्र आपला हट्ट सोडला नाही. डिक डेल नावाचा एक तरुण बाल्बोआच्या नाचघरात हजारोंच्या गर्दीसमोर इतक्या जोरात वाजवी की त्याने एकामागून एक स्पीकर जाळून टाकले. कारखान्यात बसून कारण कळेना, म्हणून फेंडर आणि टावारेस स्वतः जाऊन त्या गर्दीत उभे राहिले. माणसांच्या शरीरांत आवाज जिरून जातो हे तिथे त्यांच्या ध्यानी आले. त्यातून १५ इंची स्पीकरचा दणकट ‘शोमन’ ॲम्प्लिफायर जन्मला. पोराला हळू वाजव असे सांगणे सोपे होते. त्यांनी पेटी बदलली.

१९५५ पासून त्यांना सायनसच्या संसर्गाने ग्रासले होते. दुखणे हटेना, आपण फार दिवस जगत नाही असे त्यांना वाटू लागले. जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी आपली कंपनी सीबीएस या मोठ्या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकून टाकली. आणि त्यानंतर डॉक्टर बदलला, औषध लागू पडले, ते बरे झाले! पैसा मिळाला हे खरे, पण नाव गेले. गिटारवर ‘फेंडर’ असे लिहिण्याचा हक्क आता फेंडर यांना राहिला नाही. सीबीएसच्या काळात मालाची प्रत घसरली अशी वादकांची तक्रार होती. १९८५ मध्ये त्या कंपनीने हा व्यवसाय आपल्याच कर्मचाऱ्यांना १ कोटी २५ लाख डॉलरना विकला, म्हणजे २० वर्षांनी घेतल्या किमतीपेक्षाही कमीत.

करारामुळे काही वर्षे त्यांना स्पर्धेत उतरता येत नव्हते. १९७५ मध्ये ते म्युझिक मॅन कंपनीचे अध्यक्ष झाले. तिथे १९७६ साली निघालेल्या ‘स्टिंगरे’ बासच्या पोटातच ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा लहानसा वर्धक बसवलेला होता. पायाशी ठेवायच्या बूस्ट पेडलमध्येही अशीच ९ व्होल्टची बॅटरी असते. काम तेच, जागा निराळी. संदेश जोरकस करा, पण मळवू नका : ही फेंडर यांची रीत.

त्याच सुमारास जपानमध्ये ओव्हरड्राइव्हची डबी घडत होती. १९७९ साली आयबानेझने ‘ट्यूब स्क्रीमर’ आणला. त्यात व्हॉल्व्ह नसताना व्हॉल्व्हसारखा मऊ फाटणारा आवाज डायोडच्या मदतीने काढलेला होता. चाणाक्ष वादकांनी तिचा उपयोग उलटा केला. ड्राइव्हची खुंटी जवळपास बंद आणि लेव्हलची पूर्ण उघडी. म्हणजे डबी स्वतः फारशी फाटत नाही, बूस्ट म्हणून ॲम्प्लिफायरला ढकलते, आणि फाटतो तो पाठीमागचा व्हॉल्व्ह. स्टीव्ही रे वॉन याने १९८० च्या दशकात हीच डबी फेंडर ॲम्प्लिफायरपुढे जोडून ब्लूज वाजवले. आज एकाच पेटीत दोन बटणांचे पेडल मिळते. बूस्ट आधी जोडला तर आवाज अधिक फाटतो, नंतर जोडला तर तोच फाटलेला आवाज मोठा होतो. विकत घेणाऱ्याने दुकानात हे दोन्ही करून पाहावे. आणि ॲम्प्लिफायर स्वच्छ असावा, कारण मागची पेटीच मळकी असेल तर पेडलचा गुण कळणार कसा? स्वच्छतेचा फेंडर यांचा आग्रह फाटक्या आवाजाच्या इतका कामी येईल, हे त्यांच्या हिशेबाच्या वहीत नव्हते.

१९७९ मध्ये जॉर्ज फुलर्टन यांच्यासह त्यांनी जी अँड एल ही कंपनी काढली. जॉर्ज आणि लिओ, एवढाच त्या नावाचा अर्थ. त्याच वर्षी एस्थर कर्करोगाने गेल्या. १९८० मध्ये फिलिस यांच्याशी त्यांनी दुसरा विवाह केला. कंपवाताने हात थरथरू लागले तरी ते रोज कारखान्यात आपल्या टेबलाशी बसत. १९९० साली, त्यांच्या नावाच्या पण त्यांची नसलेल्या कंपनीने १९५९ चा बासमन पुन्हा बाजारात आणला. गिऱ्हाइकांना त्यातला फाटणारा आवाज हवा होता. फेंडर तेव्हा ८१ वर्षांचे होते आणि नवे पिकअप आखण्यात गुंतले होते. २१ मार्च १९९१ रोजी फुलर्टन येथे त्यांचे निधन झाले. आदल्या दिवशीही ते कामावर गेले होते.