अंध शास्त्रज्ञ जोसेफ प्लातो

दंवाचा बारीक थेंब, पाऱ्याचा कण, साबणाचा फुगा हे सर्व गोल कां होतात, हा प्रश्न बाळपणीं कोणास पडला नसेल? परंतु ज्यानें त्याचा पाठपुरावा जन्मभर केला, तो जोसेफ प्लातो आयुष्याचीं शेवटचीं चाळीस वर्षें पूर्ण अंध होता. (ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो निराळा, हा बेल्जममधील.)

प्लातोचा जन्म ब्रुसेल्स येथें १४ ऑक्टोबर १८०१ रोजीं झाला. वडील चित्रकार होते; मुलानेंहि तोच मार्ग धरावा अशी त्यांची इच्छा होती. पण लहानपणींच आईबापांचें छत्र हरपलें, आणि तो शास्त्राकडे वळला. १८२९ सालीं लिएज येथें त्यानें डॉक्टरची पदवी मिळविली, १८३२ सालीं फिरत्या चकतीवरील चित्रें हलतांना दिसावींत असें एक यंत्र बनविलें, आणि १८३५ पासून तो गेंट येथें अध्यापक झाला. एकदां प्रयोगासाठीं त्यानें सूर्यबिंबाकडे २५ सेकंद टक लावून पाहिलें होतें. बालवाचकांनीं हें कधींहि करूं नये. आपलें अंधत्व त्यामुळेंच आलें असें त्यास वाटे; आजच्या डॉक्टरांस मात्र त्याचें कारण डोळ्यांचा निराळाच दाह असावा असें वाटतें.

त्याचा प्रसिद्ध प्रयोग मोठा सुबक आहे. तेल पाण्यावर तरंगतें, मद्यार्कांत बुडतें. प्लातोनें दोहोंचें असें मिश्रण केलें कीं, त्यांत तेल वर येईना कीं खालीं जाईना. वजनाचा प्रभाव असा नाहींसा होतांच वर आणि खालीं हा भेद उरला नाहीं. सर्व दिशा सारख्या झाल्या. पृष्ठभाग शक्य तितका आकुंचन पावला आणि तेलाचा पूर्ण गोळा अधांतरीं राहिला. त्यांतून आंस घालून तो फिरवितांच एक दिशा इतरांहून वेगळी ठरली: गोळा ध्रुवांशीं चपटा झाला, आणि वेग वाढवितां त्याचें कडें बनलें. तेलाचा दंडगोल तर त्याच्या परिघाहून लांब होतांच टिकत नाहीं. कोठें आवळतो, कोठें फुगतो, आणि तुटून थेंब होतात.

१८४३ पर्यंत दृष्टि पार गेली. त्यानंतरचे प्रयोग त्यानें इतरांच्या डोळ्यांनीं पाहिले. काय करावयाचें तें तो सांगे. पुत्र फेलिक्स, जावई व्हान डेर मेन्सब्रुग व इतर सहकारी दिसलेलें वर्णन करीत, आणि तो त्यावरून अनुमान काढी. तारेचा घन साबणाच्या पाण्यांत बुडवून काढला तर काय दिसेल? बारा तारांवरून निघालेले बारा पापुद्रे मधोमध एका बिंदूशीं मिळतील असें कोणासहि वाटेल. प्रत्यक्षांत मध्यें लहानसा चौकोनी पापुद्रा तयार होतो! घनाच्या सहाहि बाजू सारख्या, पण हा चौकोन समोरासमोरच्या एकाच जोडीस समांतर असतो. हळूच फुंकर घातली तर तो दुसऱ्या जोडीकडे वळतो. कारण असें कीं, एका कडेशीं तीनच पापुद्रे १२० अंशांनीं मिळतात, आणि एका बिंदूशीं चारच कडा, सुमारें १०९ अंश २८ कलांनीं. आठ कडा एके ठिकाणीं आणणारी रचना टिकत नाहीं.

हे नियम त्याच्या १८७३ सालच्या ग्रंथांत आहेत. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं गेंट येथें प्लातो निवर्तला. त्याच्या नियमांची गणिती सिद्धता जीन टेलर या अमेरिकन विदुषीनें १९७६ सालीं प्रसिद्ध केली; ग्रंथ निघून तेव्हां १०३ वर्षें झालीं होतीं.