प्रकाशाचे वैद्य डॉक्टर फिन्सेन

आमच्या देशांत ऊन इतकें विपुल आहे कीं, त्याची किंमत आम्हांस सहसा कळत नाहीं. सावली मिळाली म्हणजे आम्ही संतोष मानतों. परंतु उत्तरेकडील कित्येक प्रदेशांत हिवाळ्यांतला सूर्य पाहुण्यासारखा उशिरां येतो आणि लागलाच निघून जातो. अशा प्रदेशांत वाढलेल्या एका आजारी मनुष्याची हकीकत आज वाचकांस सादर करितों.

नील्स फिन्सेन यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजीं अटलांटिक महासागरांतील फेरो बेटांवर झाला. त्यांचें घराणें आइसलंडचें. त्यांचें कांहीं शिक्षणही तेथेंच, रेक्याविक शहरीं झालें. तेथें डिसेंबरांत दिवस अवघा चार तासांचा असतो. २१ डिसेंबरच्या सुमारास तो पुन्हां वाढूं लागतो. दररोज थोडाथोडा अधिक मिळणारा तो उजेड तेथील लोकांस किती प्रिय वाटत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

वैद्यकी शिकण्यास ते १८८२ सालीं कोपनहेगन येथें गेले. थोडक्याच काळांत त्यांस असाध्य रोग जडला. यकृत व हृदय बिघडलें आणि पोटांत पाणी सांचूं लागलें. त्यांचें बिऱ्हाड उत्तराभिमुख होतें, तेथें ऊन येत नसे. शरीर निस्तेज व थकलेलें असे. उन्हांत गेल्यानें आपणांस बरें वाटतें, असें त्यांच्या ध्यानांत आलें. एकदां छपरावर एक मांजर ऊन खात बसलें होतें. सावली जवळ येई तसें तें सरकून पुन्हां उन्हांत बसे. मुक्या प्राण्यास उन्हापासून काय लाभतें, याचा शोध त्यांनीं आरंभिला.

त्या काळीं क्षयाच्या जंतूंपासून होणारा एक चर्मरोग नाक व गाल खाऊन टाकी. असे रोगी लाजेनें तोंड लपवून राहत. हिवाळ्यांत सूर्य कोठून आणावा? म्हणून फिन्सेन यांनीं विजेच्या प्रखर दिव्याचा उजेड भिंगांतून एकवटून व पाण्यानें निववून रोगट जागीं पाडिला. नोव्हेंबर १८९५ मध्यें त्यांनीं पहिला रोगी हातीं घेतला. उपचार महिनेच्या महिने चालत. तरी पुष्कळांचे चेहरे सुधारले. १८९६ सालीं प्रकाशोपचारांची संस्था निघाली.

इकडे डॉक्टरांचें स्वतःचें शरीर खंगतच होतें. शेवटीं ते चाकांच्या खुर्चीस खिळले. १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांतील मोठी रक्कम त्यांनीं संस्थेस दिली. २४ सप्टेंबर १९०४ रोजीं, वयाच्या ४३ व्या वर्षीं, ते निवर्तले.

त्यांचें सर्वच म्हणणें टिकलें नाहीं. देवीच्या रोग्यांस तांबड्या उजेडांत ठेवावें, हें त्यांचें मत पुढें मागें पडलें. क्षयावर औषधें निघाल्यावर त्यांचा दिवाही मालवला. तथापि प्रकाशाचे उपचार राहिले. आज कावीळ झालेल्या नवजात बालकांस निळ्या उजेडाखालीं ठेवितात. काळोख्या हिवाळ्यांत मन खचतें, हा एक आजार आहे, असें १९८४ सालीं वैद्यांनीं मांडिलें. अशा रोग्यांस सकाळीं तेजस्वी दिव्यापुढें बसवितात.

प्रिय वाचकहो, ज्या उजेडानें त्यांनीं इतरांस बरें केलें, त्यानें त्यांचा स्वतःचा रोग गेला नाहीं. तरी त्यांनीं दिवा खालीं ठेविला नाहीं. आमच्याही मंडळ्यांत वर्षानुवर्षें अंथरुणास खिळलेले बंधु व भगिनी आहेत. त्यांच्या हातून आतां कांहीं होणार नाहीं, असें आम्ही कधींही म्हणूं नये.