सभासद जोतीराव फुले

नगरपालिकेच्या सभेचें कामकाज पाहण्यास कोणी हौसेनें जात नाहीं. मागील सभेचें इतिवृत्त वाचून कायम करावयाचें, एका गल्लींतील गटाराचा अर्ज कोण्या समितीकडे धाडावयाचा, ठेकेदाराच्या बिलास मंजुरी द्यावयाची, दिव्यांचा, नळांचा व कचऱ्याच्या गाड्यांचा खर्च पुढें ठेवावयाचा, एखाद्या बड्या पाहुण्याच्या स्वागतासाठीं कांहीं रक्कम बाजूस काढावयाची, आणि सर्वानुमतें मंजूर एवढे शब्द लिहून पुढील विषयाकडे वळावयाचें, असा हा क्रम असतो. नाटकगृहांत जागा मिळत नाहीं आणि सभागृहांत प्रेक्षकांचे बांक रिकामे राहतात, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. परंतु खतावणी लिहिणें कंटाळवाणें आहे म्हणून जो व्यापारी ती वर्षानुवर्षें मुनिमावर सोंपवून देतो, त्याची पेढी किती दिवस चालेल, हें आमच्या व्यापारी वाचकांस आम्हीं सांगावयास नको. शहराची खतावणी या सभेंतच लिहिली जाते.

म्हणून आज आम्ही एका थोर पुरुषाच्या चरित्राकडे थोड्या निराळ्या बाजूनें पाहणार आहों. महात्मा जोतीराव फुले यांचें नांव कोल्हापुरांत ठाऊक नाहीं असा मनुष्य सांपडणें कठीण. मुलींची शाळा, सत्यशोधक समाज व शेतकऱ्यांचा कैवार यांमुळें त्यांस सर्व ओळखतात. परंतु १८७६ पासून १८८२ पर्यंत हेच जोतीराव पुणें नगरपालिकेचे सभासद होते, गटारांच्या, दिव्यांच्या व बिलांच्या त्याच सभांत ते बसत होते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत असते. आमच्या मतें त्यांच्या थोरवीची खरी कसोटी तेथेंही लागली.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालीं झाला. घराणें मूळचें गोऱ्हे, परंतु फुलांच्या धंद्यावरून फुले हें नांव रूढ झालें. आई चिमणाबाई त्यांच्या बालपणींच वारल्या. वडील गोविंदराव यांनीं मुलास वाढविलें, शाळेंत घातलें, आणि लोकांच्या बोलण्यास भिऊन शाळेंतून काढूनही घेतलें. गफ्फार बेग मुनशी व लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनीं आग्रह धरला नसता, तर हा मुलगा मळ्यांतच राहिला असता. त्यांच्या सांगण्यावरून १८४१ सालीं तो स्कॉटिश मिशनच्या शाळेंत परत गेला. एका मुसलमान व एका ख्रिस्ती शेजाऱ्यानें माळ्याच्या पोरासाठीं शब्द टाकावा आणि त्या शब्दानें महाराष्ट्राच्या इतिहासास वळण लागावें, ही गोष्ट शेजारधर्म विसरत चाललेल्या आमच्या शहरवासीयांनीं मनांत ठेवण्याजोगी आहे.

१८४८ सालीं पुण्यांत भिड्यांच्या वाड्यांत त्यांनीं मुलींची शाळा काढली. पत्नी सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. लोकांनीं शेण व चिखल फेंकला. वडिलांनीं लोकांच्या दडपणाखालीं मुलास व सुनेस घराबाहेर काढलें. तरी शाळा वाढल्या, आणि १८५२ सालीं सरकारनें विश्रामबागवाड्यांत जाहीर समारंभ करून जोतीरावांस शालजोडी दिली. १८६३ सालीं विधवांच्या अनाथ अर्भकांसाठीं त्यांनीं आपल्या घराजवळ गृह उघडलें. १८६८ सालीं घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला. हा भाग वाचकांस परिचित असल्यामुळें त्यावर आम्ही अधिक रेंगाळत नाहीं.

ज्याकडे सहसा लक्ष जात नाहीं तें त्यांचें धंद्याचें अंग. जोतीराव हे कोणाच्या देणगीवर जगणारे सुधारक नव्हते. त्यांची मांजरीस शेती होती. बांधकामास लागणारा माल पुरविण्याचे व सरकारी कामांचे ठेके ते घेत. खडकवासल्याचें धरण व येरवड्याचा पूल या कामांशीं त्यांचा संबंध आला होता. माल किती आला, कागदावर किती चढला, मजुराच्या हातीं किती पडलें आणि मधल्या मंडळीनें किती ठेवून घेतलें, हें त्यांनीं जवळून पाहिलें होतें. सरकारी बांधकामखात्यांतील लाचलुचपतीवर त्यांनीं जें कडक लिहिलें, तें ऐकीव गोष्टींवर लिहिलेलें नाहीं. असा मनुष्य नगरपालिकेंत बसला म्हणजे समोर आलेल्या अंदाजपत्रकांतील आंकडे त्याच्याशीं बोलूं लागतात. पांढरपेशा विद्वानास जें बिल नुसता कागद वाटतो, त्यांत ठेकेदारी केलेल्या मनुष्यास चुना, दगड आणि घाम दिसतो.

त्या काळीं सभासद निवडून येत नसत. सरकार त्यांची नेमणूक करी. ज्याच्या मर्जीनें खुर्ची मिळाली त्याच्या मर्जीविरुद्ध बोलावयाचें नाहीं, हा अशा नेमणुकीचा अलिखित करार असतो. जोतीरावांनीं तो करार कधीं मानला नाहीं. १८८० च्या जुलै महिन्यांत त्यांनीं नगरपालिकेच्या व्यवस्थापक मंडळाच्या अध्यक्षांस दारूच्या दुकानांविषयीं पत्र लिहिलें. शहरांत दुकानें वाढत होतीं आणि त्यांपायीं कुटुंबें धुळीस मिळत होतीं. एका बाजूस लोकांच्या आरोग्यासाठीं नगरपालिकेनें पैसा खर्चावा आणि दुसऱ्या बाजूस आरोग्याचा नाश करणारीं दुकानें पेठांपेठांतून उघडूं द्यावीं, ही विसंगती त्यांनीं दाखवून दिली. दारूपासून सरकारास उत्पन्न होतें, हें त्यांस ठाऊक होतें. सरकारनियुक्त सभासदानें सरकारच्या उत्पन्नावर बोट ठेवणें किती अवघड, हेंही ठाऊक होतें. तरी त्यांनीं पत्र लिहिलें.

त्याच वर्षीं दुसरा प्रसंग आला. हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतासाठीं १,००० रुपये खर्चावे, असा ठराव नगरपालिकेपुढें आला. विषय तसा नित्याचा होता. अशा ठरावावर कोणी भाषण करीत नाहीं. माना हलतात आणि पुढचा विषय पुकारला जातो. परंतु १८७६-७७ च्या दुष्काळास तेव्हां पुरतीं चार वर्षेंही झालीं नव्हतीं. त्या दुष्काळांत अन्नावांचून हिंडणाऱ्या मुलांसाठीं सत्यशोधक मंडळीनें धनकवडीस आश्रम चालविला होता. रिकाम्या पोटीं आलेलीं तीं मुलें ज्यानें पाहिलीं, त्यास कमानी व पताका यांसाठीं करदात्यांचा हजार रुपया उधळण्यास हात वर करणें शक्य नव्हतें. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असें त्यांचें म्हणणें पडलें. ३२ सभासदांपैकीं विरोधी मत एकट्या जोतीरावांचें होतें. ठराव मंजूर झाला.

येथें कोणी व्यवहारी गृहस्थ विचारील कीं, ठराव मंजूरच झाला, तर त्या एका मतानें मिळविलें काय? आम्ही उत्तर देतों. त्या मतानें हजार रुपये वांचले नाहींत हें खरें. परंतु त्यामुळें त्या दिवशीं सर्वानुमतें हा शब्द लिहितां आला नाहीं. पुण्याची सारी वस्ती या खर्चास राजी होती, असें पुढच्या पिढीस कोणी सांगूं शकला नाहीं. एकतीस मतें कोणाकोणाचीं होतीं हें आज कोणी विचारीत नाहीं. बत्तिसावें मत मात्र जवळजवळ दीडशें वर्षें लोकांच्या आठवणींत राहिलें आहे.

भाजीच्या मंडईचें प्रकरणही असेंच बोधप्रद आहे. नगरपालिकेनें मोठा खर्च करून भव्य मंडई उभारावी, हा बेत जोतीरावांस पसंत नव्हता. शहरांतील गरिबांच्या मुलांस शाळा पुरत नसतां इमारतीवर एवढा पैसा घालणें त्यांस गैर वाटत होतें. मंडई झाली, १८८६ सालीं तिचें उद्घाटन झालें, आणि गव्हर्नराच्या नांवावरून ती रे मार्केट म्हणून ओळखली जाऊं लागली. पुढें आचार्य अत्रे नगरपालिकेंत असतां त्यांच्या पुढाकारानें त्याच मंडईस महात्मा फुले यांचें नांव मिळालें. मंडईची गरज होती कीं नव्हती, यावर मतभेद होऊं शकेल. मंडईनें पुण्याच्या लोकांची मोठी सोय झाली, हें आम्हीही कबूल करितों. प्रत्येक मतांत जोतीराव बिनचूक होते, असा आमचा दावा नाहीं. प्रत्येक खर्चापुढें उभे राहून, हा पैसा कोणाचा आणि यांतून शेवटच्या मनुष्यास काय मिळणार, हा एकच प्रश्न ते विचारीत राहिले, एवढें आम्ही सांगतों.

१८८२ सालीं सभासदत्व संपलें, पण प्रश्न विचारणें संपलें नाहीं. त्याच वर्षीं हंटर कमिशनपुढें निवेदन करून त्यांनीं निदान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली, आणि रयतेच्या करांतून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हें स्पष्टपणें मांडलें. १८८८ च्या मे महिन्यांत मुंबईच्या लोकांनीं त्यांस महात्मा ही पदवी अर्पण केली. लौकरच पक्षघातानें उजवा हात गेला. तेव्हां डाव्या हातानें लिहून त्यांनीं आपला शेवटचा ग्रंथ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं त्यांचें देहावसान झालें. सात वर्षांनीं पुण्यांत प्लेगनें थैमान घातलें, तेव्हां सावित्रीबाई रोग्यांची सेवा करतां करतां स्वतः त्या रोगास बळी पडल्या.

आतां कोल्हापूरकर वाचक म्हणतील, पुण्याची जुनी हकीकत आम्हांस कशास? कारण जोतीरावांचा वारसा कोल्हापुरानें सर्वांत आधीं उचलला. १९११ सालीं भास्करराव जाधव आदि मंडळींनीं येथें सत्यशोधक समाजाचें पुनरुज्जीवन केलें. हंटर कमिशनपुढें मागितलेलें सक्तीचें शिक्षण शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत मोफत देऊन दाखविलें. त्यांच्याच प्रेरणेनें अस्पृश्य मानलेल्या समाजांतील दत्तोबा पवार नगरपालिकेच्या अध्यक्षपदावर बसले. आपली नगरपालिका १८५४ सालची, म्हणजे या देशांतील जुन्यांपैकीं एक. १९७२ सालीं तिची महानगरपालिका झाली. इतकी वडिलोपार्जित मिळकत ज्याच्या पदरीं, त्यानें ती राखली कीं नाहीं, हा हिशेब मागण्याचा आम्हांस हक्क आहे.

हिशेब मागूं लागलों कीं टोलची आठवण होते. शहरांतील सुमारें ५० किलोमीटर रस्ते खाजगी कंपनीनें बांधावे आणि तिनें ३० वर्षें टोल वसूल करावा, अशा करारांत आपली महानगरपालिका पक्षकार होती. सह्या झाल्या तेव्हां शहर शांत होतें. नाके उभे राहिले तेव्हां तें जागें झालें. मोर्चे निघाले, बाजारपेठा बंद राहिल्या, म्हातारीं माणसें रस्त्यावर बसलीं, आणि अखेर डिसेंबर २०१५ मध्यें टोल रद्द करावा लागला. कोल्हापूरच्या स्वाभिमानाचा तो विजय होता, यांत शंका नाहीं. पण आम्ही विचारतों, जें काम कराराच्या वेळीं सभागृहांत चार सभासदांनीं कलमें वाचून आणि शंभर नागरिकांनीं बांकांवर बसून कदाचित् साधलें असतें, त्यासाठीं सबंध शहरास वर्षानुवर्षें रस्त्यावर कां यावें लागलें? तोच प्रकार नदीकांठच्या बांधकामांचा. पूररेषेचा विषय सभेपुढें येतो तेव्हां कोणास फिकीर नसते. २०१९ व २०२१ सालीं पंचगंगा दुकानांत शिरली म्हणजे सर्वांस नकाशे आठवतात.

आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर २०२० मध्यें येथील ८१ सभासदांच्या सभागृहाची मुदत संपली, आणि पुढें कित्येक वर्षें निवडणुकीवांचून प्रशासकाच्या हातीं कारभार राहिला. त्या काळांत ठराव होत होते, बिलें मंजूर होत होतीं, परंतु नाहीं म्हणण्यास तेथें कोणीच नव्हतें. जोतीरावांच्या वेळीं ३२ नियुक्त सभासदांत निदान एक मनुष्य बोलला. विसाव्या शतकानें आम्हांस मताधिकार दिला, २०११ पासून स्त्रियांस निम्म्या जागा मिळाल्या, आणि तरीही सभागृह ओस पडलें असतां शहर फारसें अस्वस्थ झालें नाहीं, याची आम्हांस खंत वाटते.

आमची मागणी मोठी नाहीं. प्रत्येक सभेची विषयपत्रिका, खर्चाच्या आंकड्यांसह, साध्या मराठींत नागरिकांस आधीं वाचावयास मिळावी. मोठ्या रकमेच्या प्रत्येक ठरावावर कोणत्या सभासदानें कोणतें मत दिलें, हें नांवनिशीवार प्रसिद्ध व्हावें. आणि आमच्या शाहूपुरी व लक्ष्मीपुरींतील व्यापारी बंधूंनीं, महिन्यांतून एक दुपार, गल्ल्याची किल्ली मुलाच्या हातीं देऊन सभागृहाच्या बांकावर येऊन बसावें. तेथें गटारें, दिवे आणि बिलें यांवांचून कांहीं ऐकूं येणार नाहीं, हें आम्ही आधींच सांगून ठेवितों. तेंच ऐकत जोतीराव सहा वर्षें बसले होते.