मिशीवाली आई : गिजुभाई बधेका

गिजुभाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चितळ गावी झाला. व्यवसायाने ते वकील. १९१३ मध्ये मुलगा झाला आणि त्याला कसे शिकवावे या विचाराने त्यांना माँटेसरी पद्धतीकडे नेले. वकिली सोडून १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले. १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. छडी नाही, धाक नाही. मुले प्रेमाने त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणू लागली.

पाठाची आखणी कशी करावी, हे त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकात दिसते. त्यातील शिक्षक चौथीच्या वर्गात पहिल्या दिवशी शांततेचा खेळ ठरवून येतो. मुले गोंधळ घालतात, बेत साफ फसतो. तो मुलांना दोष देत नाही, रात्री बेतच बदलतो. दुसऱ्या दिवशी गोष्ट सुरू होते आणि तोच वर्ग चिडीचूप! गोष्टीतून पुस्तकांची ओढ लागते, वर्गात छोटे वाचनालय उभे राहते. आधी गोडी, मग धडा, हा त्यांचा क्रम.

आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याच सहकारी. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाईंनी हे काम बोर्डी व कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेले.

२३ जून १९३९ रोजी गिजुभाई गेले. आम्ही रेल्वेवाले चाचणी घेतल्याशिवाय नवा मार्ग खुला करत नाही. नापास झालाच, तर मार्ग दुरुस्त करतो, प्रवाशांना रागावत नाही. पालकहो, मूल अभ्यासाला बसत नसेल, तर आधी आपला बेत तपासूया.