देव नसलेला धर्म आणि एमिल दुर्खीम

बौद्ध धम्मात देव नाही, मग तो धर्म कसा? हा प्रश्न आपल्या तरुणांना आजही विचारला जातो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्येच त्याला उत्तर दिले होते.

एपिनाल येथे १८५८ मध्ये ज्यू धर्मगुरूंच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. घराण्याची वाट सोडून ते समाजाच्या अभ्यासाकडे वळले. १८८७ पासून बोर्दो व १९०२ पासून पॅरिस येथे त्यांनी अध्यापन केले. आत्महत्येमागेही सामाजिक कारणे असतात, हे त्यांनी १८९७ मध्ये आकडेवारीनिशी मांडले. ज्यू कॅप्टन ड्रेफस यांना देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली, तेव्हा ते त्यांच्या बाजूने उभे राहिले.

धर्मावरील ग्रंथात त्यांनी बौद्ध धम्माचाच दाखला दिला. देव हा धर्माचा निकष नाही. पवित्र मानलेल्या गोष्टींभोवती एकत्र आलेला नैतिक समुदाय हा धर्माचा गाभा, असे त्यांचे प्रतिपादन होते. महायुद्धात तरुण मुलगा गमावल्याने ते खचले. १९१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपण मात्र इथेच थांबू शकत नाही. पवित्र-अपवित्राच्या कल्पनेनेच आपल्याकडे माणसाला अस्पृश्य ठरवले. धर्म समाजाला जोडतो हे दुर्खीम यांनी दाखवले. तो कोणाला बाहेर ठेवतो, हे विचारायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले.