बार्शी लाइट रेल्वेचे शिल्पकार एव्हरार्ड कॅलथ्रॉप

चंदीगडच्या एअरोसिटीत उतरणाऱ्या प्रवाशाला अडीच फुटी रेल्वे म्हटली की जवळच्या काल्क्याहून सिमल्याला जाणारी गाडी आठवते. ती १९०३ मध्ये सुरू झाली. मात्र एवढ्याच रुंदीच्या रुळांवरून सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला १८९७ मध्येच आगगाडी पोहोचली होती. त्यामागे एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याचा दहा वर्षांचा पाठपुरावा होता.

कॅलथ्रॉप यांचा जन्म ३ मार्च १८५७ रोजी लिंकनशायरमध्ये झाला. इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी करून १८८२ मध्ये ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या सेवेत भारतात आले. मुंबई-सोलापूर लोहमार्गाने बार्शीची बाजारपेठ सुमारे ३५ किलोमीटर दूर टाकली होती. कापूस आणि धान्य बैलगाड्यांनीच स्थानकापर्यंत आणावे लागे. रुंद मार्गाचा खर्च परवडणारा नव्हता आणि अरुंद मार्ग म्हणजे खेळण्यातली गाडी, असा समज रूढ होता.

हा समज कॅलथ्रॉप यांनी गणिताने खोडून काढला. रुळावर भार येतो तो आसामागे. म्हणून इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक वजन पडू द्यायचे नाही, हे त्यांचे सूत्र होते. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ पुरेसे ठरले. लीड्सच्या किटसन कारखान्यात बनलेल्या वाफेच्या इंजिनांचे वजन सहा आसांवर विभागले होते. त्यांपैकी चार आसांची चाके एकमेकांना जोडलेली असल्याने ओढण्याची ताकद उणावली नाही. नोकरी सोडून मायदेशी परतलेल्या कॅलथ्रॉप यांनी १८९५ मध्ये कंपनी उभारली आणि दोन वर्षांत गाडी धावली. पुढे हा मार्ग पंढरपूरला गेला, १९११ मध्ये लातूरला पोहोचला. आषाढी-कार्तिकीला विठ्ठलाच्या दर्शनासाठी निघालेल्या असंख्य भाविकांची ही गाडी हक्काची झाली.

इंग्लंडमधील लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याच्या रेल्वेचेही काम त्यांनी पाहिले. तेथील एका इंजिनाला त्यांचेच नाव होते. अरबी घोड्यांचे त्यांना वेड होते आणि त्यावर त्यांनी ग्रंथही लिहिला. रूळ आणि घोडे यांत रमणारा हा माणूस आकाशाकडे वळला तो एका मृत्यूमुळे. १९१० मध्ये त्यांचे मित्र चार्ल्स रोल्स विमान अपघातात गेले. त्यानंतर कॅलथ्रॉप यांनी ‘गार्डियन एंजल’ ही हवाई छत्री तयार केली. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरवण्यासाठी ती वापरली गेली. पण ब्रिटिश वैमानिकांना मात्र युद्ध संपेपर्यंत छत्रीविनाच उडावे लागले. जर्मन वैमानिक १९१८ मध्ये छत्र्यांच्या आधारे जीव वाचवीत असतानाही हा निर्णय बदलला नाही. बार्शीबाबत सरकारला पटवणाऱ्या कॅलथ्रॉप यांना येथे यश आले नाही, आणि त्याची किंमत तरुण वैमानिकांनी मोजली.

३० मार्च १९२७ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी पंढरपूरहून निघालेला बार्शी लाइटचा फाटा मिरजेला जाऊन भिडला आणि मार्गाची लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात गेली. सरकारने ही रेल्वे १९५४ मध्ये ताब्यात घेतली. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत ती टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली.